कोणते काम आधी?
जिल्ह्याच्या योजनेत गावाच्या निर्णयाचे स्थान

१ मे १९६२ रोजी महाराष्ट्रातील जिल्हा परिषदा व पंचायत समित्या कार्यान्वित झाल्या आणि लोकशाही विकेंद्रीकरणाच्या मार्गावर राज्याने एक मोठे पाऊल टाकले. तत्पूर्वी १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीने विकास गट हा या रचनेचा मुख्य आधार असावा, अशी शिफारस केली होती. वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखालील समितीने मात्र १९६१ मध्ये महाराष्ट्रापुरता निराळा विचार मांडला. योजना आखणे, तांत्रिक कर्मचारीवर्ग बाळगणे व निरनिराळ्या खात्यांच्या कामांचा मेळ घालणे ही जबाबदारी पेलण्याचे सामर्थ्य जिल्हा पातळीवरच आहे, असे या समितीचे मत होते. म्हणून आपल्याकडे जिल्हा परिषद ही त्रिस्तरीय रचनेतील सर्वांत बलवान संस्था ठरली. आमदार व खासदार तिच्या सदस्यत्वाबाहेर राहिले आणि जिल्हाधिकारीही बाहेर राहिले.

हा निर्णय दूरदर्शीपणाचा होता, यात शंका नाही. ग्रामीण भागातील शाळा, दवाखाने, रस्ते व पाणीपुरवठा यांचा जो विस्तार पुढील काळात झाला, त्यात जिल्हा परिषदांचा वाटा मोठा आहे. परंतु या निर्णयाबरोबरच एक प्रश्नही जन्मास आला. निर्णयाचे केंद्र जिल्ह्याच्या ठिकाणी गेल्यावर एखाद्या गावाची, आणि त्याहूनही एखाद्या वाडीची निकड तेथपर्यंत पोहोचावी कशी? साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्यावरही हा प्रश्न पुरता सुटलेला नाही. तो कोठे अडतो व ग्रामपंचायतीच्या हातात त्यावर कोणता उपाय आहे, हे समजून घेण्याचा येथे प्रयत्न केला आहे.

दोन प्रवाह

गावाच्या विकासकामांसाठी येणारा पैसा स्थूलमानाने दोन वाटांनी येतो. पहिली वाट सरळ गावात येते. घरपट्टी, पाणीपट्टी यांसारखे ग्रामपंचायतीचे स्वतःचे उत्पन्न आणि केंद्रीय वित्त आयोगाचे अनुदान यांचा यात समावेश होतो. चौदाव्या वित्त आयोगाने २०१५ पासून हे अनुदान थेट ग्रामपंचायतीला देण्याची शिफारस केली, आणि त्यास अनुसरून राज्यात ‘आमचं गाव, आमचा विकास’ हा उपक्रम सुरू होऊन गावोगावी विकास आराखडे तयार होऊ लागले. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात महाराष्ट्रात या अनुदानाचा ८० टक्के हिस्सा ग्रामपंचायतींना व प्रत्येकी १० टक्के पंचायत समिती व जिल्हा परिषदेला, अशी वाटणी झाली.

दुसरी वाट जिल्ह्यावरून येते. १९७४ मध्ये राज्यात जिल्हा नियोजन व विकास मंडळे स्थापन झाली व जिल्हा हा नियोजनाचा घटक मानला जाऊ लागला. पुढे १९९३ मध्ये ७३ वी व ७४ वी घटनादुरुस्ती अंमलात आली. जिल्हा नियोजन समितीची तरतूद ७४ व्या दुरुस्तीने केली, आणि त्यानुसार राज्याने १९९८ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला. आज पालकमंत्री या समितीचे अध्यक्ष व जिल्हाधिकारी सदस्य-सचिव असतात. सर्वसाधारण योजना, अनुसूचित जाती उपयोजना व आदिवासी उपयोजना अशा भागांत विभागलेली जिल्हा वार्षिक योजना या समितीपुढे मंजुरीसाठी येते.

या दोन वाटांचा फरक पुष्कळ सरपंचांना व सदस्यांना अनुभवाने ठाऊक असतो, पण ग्रामसभेत तो सांगितला जात नाही. त्यामुळे ग्रामपंचायत जे स्वतः करू शकते त्याचीही मागणी जिल्ह्याकडे जाते, आणि जे जिल्ह्याकडे मागावयास हवे ते आराखड्यात ‘निधी उपलब्धतेनुसार’ या शेऱ्याखाली वर्षानुवर्षे पडून राहते.

एक उदाहरण

एक गाव डोळ्यांसमोर आणू. लोकसंख्या २,४००, मतदार सुमारे १,६००. गावठाणाखेरीज ओढ्यापलीकडे ४० घरांची एक वाडी आहे. वाडीतील हातपंप फेब्रुवारीत आटतो व पुढे पावसाळ्यापर्यंत स्त्रियांना ओढा ओलांडून पाणी आणावे लागते. जलजीवन मिशनच्या योजनेत ही वाडी काही कारणाने राहून गेली आहे, असे समजू. गावठाणाच्या मागण्याही खोट्या नाहीत. शाळेच्या दोन खोल्यांचे छत गळते, अंतर्गत रस्ता खराब आहे, गटारे तुंबतात, स्मशानभूमीला शेड नाही, आणि ओढ्यावर फरशी नसल्याने पावसाळ्यात वाडीतील मुले शाळेत येऊ शकत नाहीत.

वित्त आयोगाचे वर्षाचे अनुदान १२ लाख रुपये आहे, असे धरू. पंधराव्या वित्त आयोगाच्या २०२१ ते २०२६ या कालावधीतील नियमानुसार यातील ६० टक्के रक्कम बंधित होती. म्हणजे ३ लाख ६० हजार स्वच्छतेवर, तितकेच पिण्याच्या पाण्यावर व पाऊस-पाणी साठवणीवर, आणि उरलेले ४ लाख ८० हजार गावाच्या गरजेप्रमाणे. या अबंधित रकमेतूनही पगार किंवा आस्थापनेचा खर्च करता येत नव्हता. वाडीसाठी विहीर, पंप, नळमार्ग व लहान टाकी यांचा खर्च ९ लाख आहे. पाण्यासाठीची ३ लाख ६० हजारांची रक्कम त्यास पुरणार नाही. गावठाणातील जुन्या टाकीची दुरुस्ती मात्र त्यातच बसते.

येथेच खरा निर्णय आहे. दुरुस्ती केली तर पैसा वेळेत खर्ची पडतो, कामाचा फलक लागतो व अहवाल पूर्ण होतो. वाडीचे काम धरले तर पहिल्या वर्षी केवळ विहीर होईल, पंप व नळमार्ग पुढील दोन वर्षांवर जाईल आणि तोवर फार थोड्यांचे समाधान होईल. पहिला मार्ग सोपा आहे. तो निवडण्यात कोणाचा गैरहेतू असलाच पाहिजे असे नाही. सोय हाच बहुधा त्यामागचा हेतू असतो. पण तीन-चार वर्षे सोयीने निर्णय होत राहिले म्हणजे वाडी होती तेथेच राहते, आणि आराखड्याच्या वहीत मात्र तिचे नाव दरवर्षी येत राहते.

सभा कोणाची?

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम हा मूळचा १९५८ चा मुंबई ग्रामपंचायत अधिनियम होय. त्यानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा व्हावयाच्या असतात. प्रजासत्ताक दिन, महाराष्ट्र दिन, स्वातंत्र्यदिन व गांधी जयंती या दिवशी त्या घेण्याचा प्रघात रूढ आहे. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल तितकी उपस्थिती लागते. आपल्या उदाहरणातील गावात १५ टक्के म्हणजे २४०. म्हणून १०० पुरेत. हे शंभर जण गावठाणातीलच असले तरी सभा कायदेशीर ठरते. वाडीचे सव्वाशे मतदार ओढ्यापलीकडे राहतात. सकाळच्या सभेच्या वेळी ते मजुरीवर गेलेले असतात.

गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची आवश्यकता नसते. ही तरतूद कारभार अडू नये म्हणून केलेली आहे, व ती योग्यही आहे. परंतु वर्षाच्या आराखड्यासारखा विषय दहा-पंधरा माणसांच्या तहकूब सभेत संमत होणे ही त्या तरतुदीची विटंबना होय. ज्या सरपंचांना हे टाळावयाचे असेल त्यांनी सभेची वेळ मजुरीच्या वेळेनंतर ठेवावी, दवंडी वाडीतही द्यावी, आणि शक्य असल्यास वॉर्ड सभा वाडीत जाऊन घ्यावी. यास पैसा लागत नाही.

ग्रामसभेपूर्वी महिला सभा घेण्याची तरतूद २००३ च्या दुरुस्तीने अधिक ठाम झाली. पुष्कळ ठिकाणी तिचे इतिवृत्त ग्रामसभेच्या इतिवृत्ताआधी दोन ओळींत लिहून ठेवले जाते, इतकेच. वास्तविक पाण्याचा क्रम ठरविण्यासाठी या सभेइतकी जाणकार सभा दुसरी नाही. हातपंप कोणत्या महिन्यात आटतो, किती खेपा कराव्या लागतात, विहिरीची कोणती जागा पावसाळ्यात गढूळ होते, हे तेथे विचारल्यास अर्ध्या तासात कळते. २०११ पासून पंचायत संस्थांतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. तेव्हा ही माहिती सभागृहात मांडण्यास माणसे नाहीत, असे म्हणता येणार नाही. शिक्षकवर्गाचेही येथे साहाय्य होऊ शकते. कोणत्या वाडीतील मुले कोणत्या महिन्यांत गैरहजर राहतात याची नोंद शाळेच्या हजेरीपटात असतेच, आणि ओढ्यावरील फरशीची निकड दाखविण्यास तिच्याइतका भक्कम पुरावा सहसा सापडत नाही.

क्रम कोठे विस्कटतो

आता समजा, ग्रामसभेने एकमताने क्रम लावला. पहिले वाडीचे पाणी, दुसरी ओढ्यावरील फरशी, तिसरे शाळेचे छत, चौथी गटारे व पाचवी स्मशानभूमीची शेड. यांपैकी फरशी व शाळा ही कामे ग्रामपंचायतीच्या ऐपतीबाहेरची म्हणून वरच्या पातळीवर पाठवावयाची आहेत. येथून पुढे एक चमत्कारिक गोष्ट घडते. पाण्याचा प्रस्ताव ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे जातो, फरशीचा बांधकाम विभागाकडे, छताचा शिक्षण विभागाकडे व शेडचा आणखी निराळ्या लेखाशीर्षाखाली. प्रत्येक विभागास या गावाचे एकच काम दिसते. ते गावाच्या यादीत पहिले होते की पाचवे, हे त्या कागदावर नसते. ज्या लेखाशीर्षाखाली त्या वर्षी रक्कम शिल्लक असेल ते काम मंजूर होते. मग पाचव्या क्रमांकाची शेड उभी राहते व पहिल्या क्रमांकाचे पाणी मागे पडते. त्यात कोणी अन्याय केला असे दाखविता येत नाही, कारण कोणीही संपूर्ण यादी पाहिलेलीच नसते.

जिल्हा पातळीवर आणखी दोन गोष्टी क्रमावर परिणाम करतात. पहिली म्हणजे दायित्व. मागील वर्षी मंजूर होऊन अपुरी राहिलेली कामे नव्या वर्षाच्या नियतव्ययावर पहिला हक्क सांगतात. ते वजा जाता नव्या कामांसाठी उरणारी रक्कम, समितीच्या सभेत जाहीर होणाऱ्या एकूण आकड्याच्या मानाने बरीच लहान असते. म्हणूनच जिल्ह्याची योजना अमुक कोटींची झाली, या वृत्तावरून आपल्या गावाची फरशी होणारच, असा निष्कर्ष काढू नये. दुसरी गोष्ट म्हणजे कागदपत्रांची सिद्धता. जागा उपलब्ध असल्याचा पुरावा, अंदाजपत्रक व तांत्रिक मान्यता हाती असलेले काम आर्थिक वर्षाच्या उत्तरार्धातही पुढे सरकते. नुसता ठराव असलेले काम थांबते.

या ठिकाणी लहान ग्रामपंचायतींची अडचण मान्य केली पाहिजे. राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, आणि बहुतेकांचा सारा कारभार एका ग्रामसेवकावर, म्हणजे २०२४ मधील निर्णयानंतरच्या पदनामानुसार ग्रामपंचायत अधिकाऱ्यावर, चालतो. काही ठिकाणी एकाच अधिकाऱ्याकडे दोन गावे असतात. अभियंता पंचायत समितीच्या स्तरावर असतो व त्याच्याकडे अनेक गावांची अंदाजपत्रके एकाच वेळी येतात. १९९६ मध्ये केरळने लोकयोजना मोहीम हाती घेऊन राज्याच्या योजनाखर्चातील सुमारे ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला, तेव्हा तिचा मोठा गाजावाजा झाला. तिचे अनुकरण आपल्याकडे का होत नाही, असे अनेकदा विचारले जाते. केरळात ग्रामपंचायतींची संख्या हजाराच्या आत आहे व एकेका ग्रामपंचायतीची लोकसंख्या आपल्याकडील कित्येक ग्रामपंचायतींच्या बेरजेइतकी भरते, हे विचारणाऱ्यांनी ध्यानात घेतलेले नसते. तेथील रचना जशीच्या तशी उचलून चालणार नाही. तेथे ग्रामसभांच्या मागण्यांवर पुढे विकास परिसंवादात चर्चा होते, ही पद्धत मात्र पंचायत समितीच्या स्तरावर आपणासही आचरणात आणता येईल.

जिल्हा नियोजन समितीची रचना येथे थोडी तपशिलाने पाहिली पाहिजे. घटनेप्रमाणे समितीचे चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषदेच्या व नागरी संस्थांच्या निर्वाचित सदस्यांनी आपल्यातून निवडून द्यावयाचे असतात, तेही जिल्ह्यातील ग्रामीण व नागरी लोकसंख्येच्या प्रमाणात. सरपंच या नात्याने कोणी तेथे निवडून येत नाही. गावाचा आवाज तेथे पोहोचतो तो त्या भागाच्या जिल्हा परिषद सदस्याच्या मुखाने. हा दुवा किती नाजूक आहे, याचा प्रत्यय अलीकडेच आला. २०२२ मध्ये राज्यातील बहुतांश जिल्हा परिषदांची मुदत संपली, निवडणुका लांबल्या, आणि पुढे काही वर्षे त्यांचा कारभार प्रशासक म्हणून मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी पाहिला. त्या काळात कामे थांबली नाहीत. पण वाडीच्या पाण्याचा क्रमांक का घसरला, असे सभागृहात उभे राहून विचारणारा निर्वाचित सदस्य तेथे नव्हता. अशा वेळी गावाकडे उरतो तो लेखी ठराव.

मेंढा गावाची रीत

निर्णय कसा घ्यावा, या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड वस्तीच्या लहान गावाचे उदाहरण सर्वपरिचित आहे. २००९ मध्ये या गावाच्या सामूहिक वनहक्कास मान्यता मिळाली व २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. या यशाची चर्चा पुष्कळ झाली. त्यामागील रीतीची चर्चा त्या मानाने कमी झाली. येथे निर्णय बहुमताने होत नाहीत, सर्वसहमतीने होतात. एखाद्याचा विरोध असेल तर विषय पुढे ढकलला जातो व त्यावर पुन्हा बोलणे होते. ग्रामसभेखेरीज गावात अभ्यासगट चालतो. तेथे विषय नीट समजून घेतला जातो, बाहेरच्या जाणकारांना विचारले जाते, पण तेथे निर्णय होत नाही. निर्णय ग्रामसभेतच होतो.

अडीच हजार वस्तीच्या, अनेक जातिजमातींच्या व दोन-तीन गटांच्या गावात सर्वसहमतीचा आग्रह धरणे अवघड आहे, हे खरे. पण समजून घेण्याची बैठक व ठरविण्याची बैठक या दोन निराळ्या ठेवणे कोणत्याही गावास शक्य आहे. आपल्या उदाहरणातील गावात ग्रामसभेपूर्वी आठ-दहा जणांनी बसून अनुदानाची बंधित-अबंधित फोड, प्रत्येक कामाचा ढोबळ खर्च व कोणते काम कोणत्या वाटेने होऊ शकते, इतके जरी एका फळ्यावर लिहून ठेवले, तरी सभेतील वादाचे स्वरूप पालटते. मग ‘आमच्या आळीचा रस्ता’ विरुद्ध ‘तुमची वाडी’ असा तंटा होत नाही. पाण्यासाठीचे ३ लाख ६० हजार टाकीच्या दुरुस्तीला द्यावयाचे की विहिरीला, इतका नेमका प्रश्न उरतो, आणि त्यावर मत देणाऱ्यास आपण काय ठरवीत आहोत हे ठाऊक असते.

ठराव कसा असावा

आता लिखाणासंबंधी. पुष्कळ ग्रामसभांच्या ठरावांत ‘खालील कामे मंजूर करण्यात यावीत’ असे लिहून वीस-पंचवीस कामांची यादी दिलेली आढळते. अशा यादीने ग्रामसभा आपला अधिकार स्वतःच दुसऱ्याच्या हाती देते. पंचवीस कामांतून कोणते निवडावे, हे मग तालुक्यास किंवा जिल्ह्यास ठरवावे लागते, व त्यांनी ते ठरविल्यावर त्यांना दोष देता येत नाही.

त्याऐवजी ठरावात क्रमांक स्पष्ट असावा व त्यामागील कारण एका वाक्यात द्यावे. आपल्या गावापुरते ते असे लिहिता येईल: ‘ओढ्यापलीकडील ४० घरांच्या वाडीस फेब्रुवारी ते जून पिण्याचे पाणी उपलब्ध नसल्याने पाणीपुरवठ्याचे काम प्रथम क्रमांकाचे ठरविण्यात येत आहे. चालू वर्षाच्या अनुदानातून विहीर घेण्यात यावी. पंप, नळमार्ग व टाकी ही कामे पुढील दोन वर्षांच्या आराखड्यात याच क्रमांकाने राहतील. हा क्रम बदलावयाचा झाल्यास तो ग्रामसभेपुढे कारणासह ठेवून बदलण्यात यावा.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. पुढील वर्षी पदाधिकारी बदलले तरी काम मध्येच सुटून विहीर कोरडी पडून राहू नये, याची ती तजवीज आहे.

वरिष्ठ पातळीवर पाठवावयाच्या प्रत्येक प्रस्तावासोबत, मग तो बांधकामाचा असो की शिक्षणाचा, गावाची संपूर्ण क्रमवार यादी जोडावी व त्या कामाच्या क्रमांकाखाली रेघ ओढावी. विभागास एकच काम पाहावयाचे असले तरी त्याचे स्थान त्याच्या डोळ्यांसमोर राहील. विहिरीच्या जागेसाठी शेतकऱ्याने तोंडी दिलेला शब्द पुरेसा नाही. बक्षीसपत्र करून घ्यावे व सातबारा उताऱ्यावर ग्रामपंचायतीची नोंद झाल्याची खात्री करावी. जागा मागाहून वादात सापडल्यास झालेला खर्च वाया जातो. उद्भवाच्या जागेसाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची पाहणी उन्हाळ्यापूर्वीच मागवावी. शाळेच्या हजेरीपटातील आकडे मुख्याध्यापकांकडून लेखी घ्यावेत. या साऱ्या कागदांचा एक संच ग्रामपंचायतीच्या दप्तरी, एक पंचायत समितीच्या गटविकास अधिकाऱ्यांकडे व एक त्या गटाच्या जिल्हा परिषद सदस्याकडे राहू द्यावा. ग्रामसभेची नोटीस सात दिवस आधी निघते; त्याच सात दिवसांत या यादीची एक प्रत वाडीतील समाजमंदिराच्या किंवा अंगणवाडीच्या भिंतीवरही लावावी.